यात सूर कुठे आहेत, असं काकांनी विचारलं तर

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सोसायटीत दहा-बारा जणांचं श्रवण मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, रेकॉर्डिंग ऐकायचं, मग चहा आणि गप्पा. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी, नाट्यपदं, अधूनमधून गझल असा रिवाज. ताई याच गाण्यावर वाढल्या, पण गेली काही वर्षं त्यांना जॅझचं वेड लागलं आहे, आणि त्यामागोमाग ब्लूज आणि तिकडच्या लोकगीतांचंही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम अख्खा लावला. दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली, कुणी फोन काढला, दोघी चहाचं बघायला उठल्या. संपल्यावर मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी विचारलं, "छान आहे हो, पण यात सूर कुठे आहेत?" नंतर ताईंनी ग्रुपवर पंचवीस अल्बमची यादी टाकली. अंगठे आले, ऐकलं कुणीच नाही. जानेवारीत पुन्हा त्यांची पाळी आहे. त्या विचारतात: आधी अर्धा तास इतिहास समजावून सांगू का? सोपं, गोड काहीतरी लावू? की हा नाद सोडून सरळ किशोरीताईंची रेकॉर्ड लावू? आणि शेवटी लिहितात, "मला जे इतकं आतून भिडलं ते यांच्यापर्यंत पोचतच नाही. ही माणसं कानाने बंद झाली आहेत, असंच ना?"

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशीच मी अडले. कान बंद झालेला माणूस "वा, छान" म्हणतो आणि चपला घालतो. काकांनी मात्र तेहेतीस मिनिटं बसून ऐकलं आणि मग नेमका प्रश्न विचारला. मला तर हे काका तुमच्या मंडळातले सर्वांत आशादायक श्रोते वाटतात.

त्यांचा प्रश्न जरा उलगडून बघू. काकांनी आयुष्यभर तानपुऱ्याच्या षड्जावर कान ठेवून गाणं ऐकलं. ख्यालात गायक कुठेही हिंडून आला तरी सा जागचा हलत नाही, आणि प्रत्येक सुराला त्या सा-मुळेच अर्थ येतो. आता 'अ लव्ह सुप्रीम'चा पहिला भाग आठवा. सुरुवातीला डबल बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, चार सुरांची एक छोटी आकृती वाजवतो. भागाच्या शेवटाकडे कोल्ट्रेन तीच आकृती सॅक्सोफोनवर घेऊन बाराही पट्ट्यांतून फिरतो. तुम्हाला त्यात आर्तता ऐकू येते, कारण तुमच्या कानाने तो प्रवास अनेकदा केला आहे. काकांच्या कानाला मात्र दर काही क्षणांनी कुणीतरी सा उचलून दुसरीकडे ठेवतंय असं वाटलं असणार. त्यांना सूर सापडेनात ते त्यांचा कान तयार असल्यामुळे. ज्याला सुराचं काही पडलेलं नाही तो असा हरवत नाही.

मग तुमचं गृहीतक कुठे अडतंय? तुम्ही या संगीतात जिथे पोचलात ती जागा तुम्ही त्यांना पहिली पायरी म्हणून दिली. प्रेमापोटी आपण सगळेच असं करतो. जे सर्वांत प्रिय, ते आधी ऐकवावंसं वाटतं. पण सर्वांत थोर अल्बम आणि समोरच्या माणसाला आज द्यायचा अल्बम यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध असतो. शिफारस करताना मी आधी विचारते, हा माणूस गाण्यात काय शोधतो? कुणी शब्द शोधतं, कुणी लय, कुणी नुसता आवाजाचा पोत. मगच मी अल्बमकडे जाते.

तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिला, म्हणजे अर्ध्या तासाचं व्याख्यान, मी बाद करते. इतिहास ऐकल्याने गाणं कळतं असं होत नाही, गाणं आवडलं की इतिहास हवासा वाटतो. तुमच्या मंडळात एखाद्या घराण्याची वंशावळ सांगून कुणाला ख्यालाची गोडी लागली आहे का? प्रत्येक तुकड्याआधी दोन-तीन वाक्यं पुरेत, आणि त्यात एकच गोष्ट सांगा: कुठे लक्ष ठेवायचं.

दुसरा पर्याय, 'सोपं आणि गोड'. इथे थोडी सावध राहा. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी तुम्ही लावलंत तर कुणी उठणार नाही हे खरं, पण कुणाला काही मिळणारही नाही. वर्षानुवर्षं कुमारजींना ऐकलेल्या माणसांसाठी संगीत पातळ करून देणं हा त्यांचा अवमान आहे. त्यांना अवघड गोष्ट चालते, फक्त तिचं दार त्यांच्या ओळखीच्या भिंतीत असायला हवं.

काकांसाठी असं दार म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', आणि त्यातलाही पहिलाच तुकडा, 'सो व्हॉट'. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये १९५९च्या मार्च आणि एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याआधीच्या बऱ्याच जॅझमध्ये स्वरसंघांची, म्हणजे कॉर्ड्सची, इतकी घाईची ये-जा असायची की वादक त्यांच्यामागे धावत राही. माइल्सने ती गर्दी काढून टाकली. वादकांना फक्त आराखडे दिले आणि एकेका स्वरसप्तकात निवांत फिरायला मोकळं सोडलं. 'सो व्हॉट' ज्या सप्तकात आहे त्याचे सूर आपल्या काफी थाटाचे: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. हा काफी राग नव्हे, हे काकांना आधीच सांगा. रागाचं चलन इथे नाही, फक्त सुरांचं घर तेच आहे. पण पाय ठेवायला तेवढी जागा पुरते.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवायची. चार-चार मात्रांच्या बत्तीस खंडांचं एक आवर्तन आहे. पहिले सोळा खंड एका सा-वर, मग आठ खंड सगळंच अर्ध्या सुराने वर चढतं, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. शेवटपर्यंत हेच आवर्तन फिरत राहतं. एवढं कळलं की सा 'हरवत' नाही. तो कधी हलणार आणि कधी परत येणार हे कानाला माहीत असतं, आणि मग त्या परत येण्याची वाट बघण्यात समेसारखीच मजा येते.

ऐकताना सुरुवातीला पियानो आणि बास अंधारात चाचपडल्यासारखे वाजतात. मग पॉल चेंबर्सचा बास मुख्य चाल धरतो आणि त्याच्या प्रत्येक ओळीला इतर वाद्यं दोन स्वरसंघांनी उत्तर देतात. साधारण दीड मिनिटाला जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो, तो विरत असतानाच माइल्सचा ट्रम्पेट आत येतो. किती कमी सूर वाजवतो हा माणूस! दोन सुरांमध्ये जागा सोडतो आणि ती जागाही गाण्याचाच भाग होते. त्याच्यामागून येणारा टेनर सॅक्सोफोन कोल्ट्रेनचाच आहे. एकाच आवर्तनावर दोन माणसं किती वेगळा विचार करतात, हे ओळखायला तुमच्या मंडळाला कुणी शिकवायची गरज नाही. नऊ मिनिटांचा तुकडा आहे. तो झाला की थांबा. अख्खा अल्बम त्यांना घरी ऐकू द्या.

एक अगदी व्यावहारिक सूचना, जी मी प्रत्येकाला देते: हे फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका. फोनमधून डबल बास जवळजवळ गायब होतो, आणि 'सो व्हॉट'ची तर चालच बासवर आहे. खर्जाचे सूर स्वच्छ देणारा स्पीकर कुणाकडून तरी मागून आणा आणि आदल्या दिवशी लावून बघा. "मी ऐकला पण विशेष वाटलं नाही" म्हणणाऱ्या अनेकांनी तो अल्बम अर्धाच ऐकलेला असतो.

आता बाकीच्या मंडळींकडे वळू. मैफलीत वाढलेल्या माणसांना स्टुडिओतली रेकॉर्ड कोरडी वाटू शकते, कारण तिच्यात दाद नसते. त्यांच्यासाठी ब्लूज गाणाऱ्या बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' आणा. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेला कार्यक्रम आहे हा. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नाही. एक ओळ गातो, थांबतो, आणि मग गिटार उत्तर देते. सवाल-जवाब म्हणजे काय हे नाट्यगृहात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' या गाण्यात बायकोपुढे मांडलेली गाऱ्हाणी एकापाठोपाठ एक वाढत जातात आणि शेवटच्या गाऱ्हाण्यावर अख्खं सभागृह किंचाळतं. इंग्रजी शब्द पटकन कळणार नाहीत, म्हणून आशय आधी मराठीत सांगा. त्या श्रोत्यांची दाद कानावर पडली की तुमच्या हॉलमधली माणसंही सैल होऊन बसतील असं मला वाटतं.

ब्लूजच्या कडव्याची जुनी घडण एका मिनिटात सांगता येते. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर किंवा टोला. परत म्हटलेल्या ओळीमुळे गायकाला पुढचं सुचायला वेळ मिळतो, ऐकणाऱ्याची उत्सुकताही ताणली जाते. तुमच्यातल्या कुणा काकूंना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्यांना दोन ओव्या म्हणायला सांगा आणि लगेच नंतर ब्लूज लावा. दोन्हीकडे राबणाऱ्या माणसाने स्वतःचं दुःख स्वतःच ओळीत बसवलं आहे. मात्र दोन्ही दुःखं एकच, असं म्हणू नका. ब्लूज अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामी संपल्यानंतरच्या पिढ्यांत घडला. कापसाच्या शेतांवर अर्धेलीने राबणारी, कर्जात बांधलेली, कायद्यानेच वेगळी बसवलेली माणसं ते गात होती. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ते सांगायलाच हवं. याच कारणासाठी बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' पहिल्या दिवशी लावू नका. १९३९ साली ध्वनिमुद्रित झालेलं ते गाणं झाडाला लटकावून मारलेल्या काळ्या माणसांबद्दल आहे. ते ऐकल्यावर लगेच बशा फिरवता येत नाहीत. त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

लोकगीतांत मी तुमच्या मंडळाला एलिझाबेथ कॉटन देईन, आणि ही शिफारस मी सगळ्यांत मनापासून करते. नॉर्थ कॅरोलायनातली ही बाई डावखुरी होती. लहानपणी भावाचं वाद्य हाती लागलं, ते उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेलं. तिने तारा बदलल्या नाहीत, वाद्यच उलटं धरलं. त्यामुळे इतर गिटारवादक ज्या अंगठ्याने खर्ज राखतात त्या अंगठ्याने ती चाल वाजवते आणि खर्ज बोटांकडे जातो. पुढे लग्न, संसार, चर्चच्या मंडळींनी 'हे ऐहिक संगीत सोड' म्हणणं, आणि गिटार कित्येक वर्षं बंद. मग उतारवयात ती वॉशिंग्टनमध्ये सीगर कुटुंबाकडे घरकामाला लागली. त्या घरात गाणंच गाणं होतं. भिंतीवरची गिटार तिने पुन्हा उचलली, आणि त्या घरातल्या माइक सीगरने तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १९५८ साली फोकवेज कंपनीने तिचा पहिला अल्बम काढला तेव्हा तिने साठी ओलांडली होती. 'फ्रेट ट्रेन' हे गाणं तिने किशोरवयातच रचलं होतं. नव्वदीच्या आसपास तिला ग्रॅमीही मिळालं. गाणं तीन मिनिटांचंही नाही. आवाज साधा, थोडा कापरा, कुठे सजावट नाही. आधी गिटार कशी उलटी धरायची ते हाताने करून दाखवा आणि मग लावा.

एक मोह तुम्हाला होईल, तोही सांगते. 'आपल्या लोकांना आवडेल' म्हणून सतार-तबला मिसळलेलं जॅझ लावण्याचा. मी सहसा ते टाळते. अशा बऱ्याच प्रयोगांत दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मान राखत फार सांभाळून वाजवलेलं असतं आणि जाणकार श्रोत्याला आपल्या बाजूचं उणं आधी दिसतं. याला एक ठळक अपवाद आहे: विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा १९९३चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. दोघांची भेट ध्वनिमुद्रणाच्या थोडाच वेळ आधी झाली होती, तालीम जवळजवळ नव्हतीच, आणि त्यातूनच ते कान देऊन एकमेकांना ऐकणं आलं. मोहनवीणा आणि कूडरची स्लाइड गिटार, दोन्हींत तारेवरून सरकणारी मींड आहे. हा अल्बम निःशंक लावा.

शिवाय जॅझ या मंडळींच्या कानात आधीपासूनच आहे, फक्त त्याला ते त्या नावाने ओळखत नाहीत. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या 'अलबेला'ला संगीत दिलं तेव्हा त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट होता. हळदोण्याचा गोंयकार, खरं नाव आंतोनियो शाव्हियर वाझ, मुंबईत ताजमध्ये बँड वाजवणारा, ज्याला लोक अमेरिकेतल्या विख्यात जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्या चित्रपटात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. 'अलबेला'ची गाणी न ऐकलेला माणूस तुमच्या मंडळात असेल असं वाटत नाही. एक गाणं लावा, त्यातल्या ट्रम्पेटकडे लक्ष द्यायला सांगा, आणि लागोपाठ एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९५६च्या 'एला अँड लुई'मधलं एखादं द्वंद्वगीत. एक आवाज रेशमी, दुसरा खरखरीत, आणि दोघांनाही घाई नाही. जुन्या हिंदी गाण्यांवर जीव असलेल्या कुणालाही देण्यासाठी मला हाच अल्बम सर्वांत भरवशाचा वाटतो.

आता त्या पंचवीस अल्बमच्या यादीबद्दल. ग्रुपवर टाकलेली यादी कुणालाच उद्देशून नसते, म्हणून ती कुणीच उघडत नाही. त्याऐवजी एका माणसाला एक तुकडा पाठवा आणि सोबत तो त्यालाच का पाठवला ते एका वाक्यात लिहा. तबला वाजवणारा भाचा असेल तर जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आउट'मधला 'ब्लू रोन्डो', आणि वाक्य: "नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन अशा मोज, आणि कुठे तीन-तीन-तीन होतात ते मला सांग." ही लय ब्रुबेकला १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर सापडली, आणि त्याच दौऱ्यात तो मुंबईतही वाजवून गेला. गिटार शिकणाऱ्या मुलीला मिसिसिपी जॉन हर्टचा 'टुडे!' द्या. तिचा अंगठा महिनाभर त्याच्या अंगठ्याची बरोबरी करण्यात गुंतेल. चांगली साउंड सिस्टिम घेतलेल्या मेहुण्याला मडी वॉटर्सचा १९६४चा 'फोक सिंगर' द्या, ज्यात विजेच्या गिटारशिवायचा त्याचा आवाज समोर बसून गायल्यासारखा येतो. रात्री उशिरा एकट्याने ऐकणाऱ्या मैत्रिणीला निक ड्रेकचा 'पिंक मून', अर्ध्या तासाहून लहान, एक आवाज आणि एक गिटार, फक्त एका ठिकाणी पियानोचे थोडे सूर. ज्यांनी मला असेच प्रश्न पाठवले आहेत त्या इतर वाचकांनाही माझं उत्तर हेच आहे. यादी स्वतःजवळ ठेवा, माणसागणिक त्यातलं एकेक काढा, आणि आठवड्याने "ऐकलंस का?" असं विचारू नका. "तुला कुठला भाग कंटाळवाणा वाटला?" असं विचारा. त्याचं उत्तर खरं मिळतं आणि पुढे काय द्यायचं ते त्यातूनच कळतं.

राहिला तुमचा तिसरा पर्याय, नाद सोडण्याचा. तोही मला नाकारावासा वाटत नाही. तुमच्या पत्रात जॅझपेक्षा एकटेपणच जास्त आहे. आपल्याला भिडलेलं संगीत आपल्या माणसांना आवडलं नाही की त्यांनी आपल्यालाच नाकारल्यासारखं होतं. पण त्या शनिवारी नाकारला गेला तो कोल्ट्रेनच्या एका अल्बमचा एक प्रयोग. ही माणसं तुमच्याबरोबर किशोरीताई ऐकतात तेव्हा तुमच्या मनात जे होतं ते त्यांच्याही मनात होतच असेल. सगळं प्रेम एकाच खोलीत वाटून घेता आलं पाहिजे असं नाही. 'अ लव्ह सुप्रीम'साठी मंडळ सोडून एकच सोबती शोधा, शक्यतो अभंगांत रमणारा. त्याचा चौथा भाग ऐकवण्याआधी एक गोष्ट सांगा: अल्बमच्या वेष्टणावर कोल्ट्रेनने ईश्वराला उद्देशून लिहिलेली कविता छापली आहे, आणि या भागात तो सॅक्सोफोनवर तीच कविता शब्दागणिक 'म्हणतो'. कविता हातात धरून बोट फिरवत ऐकता येते. तुम्हाला जमलं तर तिचं मराठी करून शेजारी ठेवा.

जानेवारीसाठी सगळं मिळून चाळीस मिनिटांचंच ऐकवा. क्रम मी असा ठेवेन: 'अलबेला'तलं गाणं, एला आणि लुई, ओव्या आणि बी. बी. किंग, एलिझाबेथ कॉटन, आणि शेवटी 'सो व्हॉट'. चहा आधीच होऊ द्या, म्हणजे मध्ये कुणाला उठावं लागणार नाही. आणि त्याआधी एखाद्या संध्याकाळी स्पीकर घेऊन काकांकडे जा. त्यांच्या आवडीची काफीतली एखादी होरी त्यांनाच निवडू द्या, ती दोघांनी ऐका, मग 'सो व्हॉट' लावा. सा कुठे हलला ते त्यांनी हाताने दाखवायचं. काका तयार झाले तर शनिवारी त्या तुकड्याची ओळख तुमच्याऐवजी त्यांनाच करून देऊ द्या.